नगाऱ्यावरचा कोंबडा

हल्ली असले कोंबडे वस्तुसंग्रहालयात काचेमागे बसलेले दिसतात. खाली पाटी असते: नगाऱ्यावरचा कोंबडा, कांसे, शांततेचे प्रतीक. लोक पाटी वाचतात, मान डोलावतात आणि शेजारच्या कासवाकडे वळतात. ती शांतता कोणाला गप्प बसवून मिळवली होती, हे पाटीवर कोणी लिहीत नाही. मला त्या पाट्यांचा राग येतो. यासोजी ओताऱ्याच्या घरातून जो कोंबडा बाहेर पडला त्याच्याखाली तसली पाटी लावायची कोणाची छाती झाली नसती.

मेइजी बादशहांच्या राजवटीला तीसेक वर्षे झाली होती. ओतारी आळीत पूर्वी देवळांच्या घंटा आणि धूपदाण्या ओतत. आता घंटा कोण मागतो? आता योकोहामाचे व्यापारी प्राणी मागत. दीर्घायुष्यासाठी कासव आणि सारस, धबधबा चढून जाणारा जिद्दी कार्प मासा, सरदारी थाटाचा ससाणा. वाघालाही फार मागणी होती. आळीत वाघ कोणी पाहिला नव्हता, त्यामुळे सगळे वाघ मासळी पळवताना सापडलेल्या बोक्यासारखे दिसत. गोऱ्या गिऱ्हाइकांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

यासोजीचे प्राणी मात्र वेगळे. त्याच्या सशाकडे बघताना तो पळू नये म्हणून आपण श्वास हळू घेतो. पण दोन हिवाळ्यांपूर्वी म्हाताऱ्याचे हात कापायला लागले आणि ओतण्याआधी मेणाचा नमुना घडवायचे काम त्याची मुलगी नुई हिच्याकडे आले. भट्टी आणि ओतणे अजून यासोजीचेच होते. पिसापिसाचा आकार मात्र नुईच्या बोटांतून उतरे. पोटाखाली नाव कोरले जाई ते यासोजीचे. हे अख्ख्या आळीला ठाऊक होते आणि कोणी अवाक्षर काढत नव्हते.

नुई कामासाठी माहेरी राहत असली तरी तिचे सासर खाली हिनासे नदीच्या काठी, कोगामे गावात. वर डोंगरात मुरोइवाची तांब्याची खाण. आधी नदीतले मासे पोट वर करून तरंगू लागले. मग जिथून पाटाचे पाणी खाचरात शिरते तिथली भाताची रोपे पिवळी पडली, आणि तो पिवळेपणा दरवर्षी बांध ओलांडत पुढे सरकत गेला. नुईचा नवरा सेइकिची काठावरच्या गावांतली माणसे गोळा करून गव्हर्नरांच्या फाटकावर गेला. पोलिसांनी दंडुके चालवले. बाकीचे घरी परतले, सेइकिचीला मात्र कचेरीमागच्या कोठडीत टाकले. कारण विचारले तर म्हणे दंगा. ज्या गोष्टीसाठी गेले होते तिचे काय, असे विचारले तर कचेरीतून उत्तर आले की हिनासेकाठची कसलीही तक्रार इथे आलेलीच नाही.

हे शेवटचे वाक्य नुईच्या घशात अडकून बसले होते. नवरा आत आहे ते ती सोसत होती. पण तो ज्यासाठी आत आहे ती गोष्ट घडलीच नाही म्हणायचे? निदान एकदा तरी त्या माणसाच्या तोंडावर ती तक्रार पडली पाहिजे, चार लोकांदेखत, म्हणजे त्याला ती नाकारता येणार नाही. तिला दुसरे काही नको होते.

अशात एके दिवशी खाणीचा कारभारी हिबिनो दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. पायात विलायती बूट. ते काढायला त्याला इतका वेळ लागला की चहा निवून गेला.

“यासोजी-सान, नगाऱ्यावरचा कोंबडा करायचाय,” तो म्हणाला. “मोठा. नवी कचेरी होतेय ना, तिच्या दालनात ठेवायला. आमच्या मालकांकडून गव्हर्नर साहेबांना भेट.”

“नगाऱ्यावरचा कोंबडा!” यासोजीचा चेहरा खुलला. असले काम वर्षानुवर्षे आले नव्हते. “म्हणजे त्या चीनच्या राजाचा.”

“तोच. राजाने फाटकावर नगारा ठेवला. ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याने येऊन वाजवावा, राजा स्वतः उठून ऐकणार. पण राज्यच असं की वर्षं गेली, कोणाला वाजवायची पाळी आली नाही. नगाऱ्यावर वेली चढल्या, कोंबडा येऊन बसला, कोंबडीने खाली पिल्लं काढली. आमच्या गव्हर्नर साहेबांना अगदी शोभेल की नाही? कोंबडा चांगला गलेलठ्ठ करा. झोपलेला.”

पडद्यामागे मेणाच्या पाटावर बसलेल्या नुईने हातातली कोरणी खाली ठेवली.

“साहेबांकडे तक्रार येत नाही वाटतं कधी?” तिने आतूनच विचारले.

“एकही नाही. खुद्द साहेब सांगतात.”

“वसंतात हिनासेकाठची माणसं फाटकापर्यंत गेली होती म्हणे.”

“गेली असतील. फाटकापर्यंतच.” हिबिनो हसला. “आत येते ती तक्रार, बाई. बाहेर असतो तो गोंगाट.” मग तो यासोजीकडे वळला. “आणि तांब्याची काळजी नको. आमच्याच खाणीचं पाठवतो. अस्सल.”

दोनच दिवसांत तांब्याच्या विटांची गाडी दारात उभी राहिली. नुई एकेका विटेकडे बघत राहिली. लालसर, देखण्या विटा. याच तांब्यापायी तिच्या सासरची खाचरे करपली होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“हे मी करणार नाही,” ती बापाला म्हणाली.

“मी हो म्हणून बसलोय.”

“तुम्ही हो म्हणालात ना, मग तुम्हीच बसवा कोंबडा.”

यासोजीने दोन्ही हात पुढे केले. ते वाऱ्यावरच्या पानासारखे थरथरत होते. “बसवतो. बघ बसतो का.”

“बाबा, हे चालणार नाही. हात दाखवून माझं तोंड बंद करायचं नाही.”

“मग काय करू? तांबं कुठलं, कोणी खणलं, कोणाच्या शेतावरून वाहत आलं हे विचारत बसलो तर भट्टीत काय तुझी समजूत घालू? जन्मभर मी हेच केलं. आलेलं काम चांगलं करायचं. पुढचं ज्याचं त्याने बघावं.”

“पुढचं बघायला गेला तो कोठडीत आहे,” नुई म्हणाली. त्यावर यासोजीने चिलीम साफ करायला घेतली. जावयाचे नाव निघाले की तो नेहमी असेच करी.

आठवड्यातून एकदा नुईची सासू ताकी कोगामेहून चालत येई. लेकासाठी जव मिसळलेल्या भाताचे गोळे आणि मुळ्याचे लोणचे कोठडीवर पोचवायचे, शिपायाला चार शब्द ऐकवायचे आणि परतताना व्याह्याच्या घरी टेकायचे, असा तिचा क्रम होता. बाई दिसायला काटकीएवढी, पण जिभेला धार अशी की तिच्या गावात भांडणे लवकर मिटत. ती समोर येऊन बसली की लोक कबूलच होत.

“नाही कशाला म्हणतेस?” सगळे ऐकून ती म्हणाली. “तू नाही म्हणालीस तर आळीच्या पलीकडच्या टोकाचा तो वाघाचे बोके करणारा करेल.”

“करू दे. माझ्या हाताने नको.”

“अगं वेडे, तुझ्या हाताने झाला तरच तो कोंबडा होईल. त्याच्या हाताने झाला तर उशी होईल उशी. गव्हर्नरला डोकं टेकायला. त्याला हवीय ती उशीच.” तिने चहाचा घोट घेतला. “तो आत बसलाय माझा, त्याला आज शिपाई म्हणतो, तुझी आई भात आणते, बायको काय आणते? मी म्हटलं, बायको कोंबडा आणणार आहे.”

“आई, थट्टा सुचते तुम्हाला.”

“रडून झालंय माझं. आता उरलं काय?”

मागच्या अंगणात शेजाऱ्यांचा कोंबडा भाताच्या उपड्या टोपावर चढून बसला होता. पिसे फुलवलेली, मान खांद्यात, डोळ्यांवर पांढरी झापड. बसलाय कसला, साक्षात गव्हर्नर, असे म्हणत ताकी उठली आणि जवळच पडलेल्या डावाने टोपावर एक सणसणीत ठोका दिला. कोंबड्याने डोळे उघडले. पण उडाला नाही. नख्या टोपाच्या कडेत रुतवल्या, मान ताठ वर काढली, एक पंख किंचित सुटला, आणि तो तसाच थांबला. पुढचा ठोका पडतो की नाही याची वाट बघत.

नुईने तो क्षण डोळ्यांत भरून घेतला आणि सरळ मेणाच्या पाटावर जाऊन बसली. त्यानंतर कित्येक दिवस तिला जेवायला हाका माराव्या लागत.

मेण तयार झाले तेव्हा यासोजीने नगाऱ्याभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. कोंबड्याच्या मानेवरचे प्रत्येक पीस मुळाशी उचललेले होते. नगाऱ्यावर वेल होती, खाली कोंबडी होती, पिल्ले होती, मागितलेले सगळे जिथल्या तिथे. फक्त कोंबडा झोपलेला नव्हता. काहीतरी कानावर आले आहे, असा तो बसला होता.

“नुई,” तो हळू म्हणाला, “हे त्यांना कळेल.”

“कळू दे.”

“मला तर कळलं.” मग आणखी एक फेरी मारून तो म्हणाला, “माझ्या हाताला हे कधी जमलं नसतं. हात चांगले होते तेव्हासुद्धा.”

इतक्या वर्षांत तो असे पहिल्यांदाच बोलला होता. नुईने पाटावरचे मेणाचे कपटे गोळा केले.

हिबिनो मेण बघायला आला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. “झोपलेला सांगितला होता.”

नुई तोंड उघडणार तेवढ्यात यासोजी पुढे झाला. जमिनीपर्यंत वाकून म्हणाला, “झोपलेलाच करणार होतो. पण म्हटलं, गव्हर्नर साहेबांच्या दालनात पेंगणारा कोंबडा ठेवला तर उद्या लोक म्हणतील, कचेरीत सगळेच पेंगतात. तुम्हाला चालत असेल तर मोडून पुन्हा करतो.”

हिबिनोने विचार केला. “नको नको. जागाच असू दे,” तो म्हणाला आणि बूट घालायला बसला.

ओतायच्या दिवशी बायकांनी भट्टीच्या आवारात यायचे नाही, हा आळीचा जुना दंडक. भट्टीच्या देवतेला बाई खपत नाही म्हणतात. मेणात जिचा जीव ओतला गेला होता ती नुई रस्त्यापलीकडे दगडावर बसून राहिली. मातीच्या साच्यातून मेण वितळून गेले आणि त्या पोकळीत मुरोइवाचे तांबे कथलात मिसळून शिरले. आतून बापाचा आवाज येत होता. गड्यांवर ओरडताना त्याचा आवाज मुळीच कापत नसे.

साचा फोडला, पेंढ्याच्या धुरात आणि आंबट काढ्यात रंग चढवला, घासून घासून कडा जिवंत केल्या. एक गोष्ट मात्र कोणी केली नाही. कोणी त्या नगाऱ्यावर साधी टिचकी मारली नाही. ओतारी आळीत ओतलेल्या वस्तूचा पहिला आवाज घेणाऱ्यासमोर काढतात. माल हवाली करताना घडवणाऱ्याने लाकडी मोगरीने एक ठोका द्यायचा. आवाज लांबवर, स्वच्छ गेला तर माल निर्दोष. आतल्या आत तडा असला तर तो तिथेच, सगळ्यांदेखत बोलतो. न वाजवता दिलेला माल म्हणजे फसवणूक. यासोजीच्या पणजोबापासून त्या घरातून एकही वस्तू न वाजवता बाहेर पडली नव्हती.

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी हिबिनो घाईघाईने आला. या खेपेस त्याने बूटही काढले नाहीत.

“यासोजी-सान, उद्या ते वाजवण्याचं नको.”

“काय नको?”

“ठोका. कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, मलाच मघाशी सुचलं. अहो, तो तक्रारीचा नगारा आहे. सगळ्या पाहुण्यांसमोर तोच वाजवायचा? वाजला नाही हीच तर त्याची गंमत. तुम्ही फक्त नमस्कार करा आणि मागे व्हा.”

“न वाजवता द्यायचा?” यासोजीने विचारले.

“मी सांगतोय ना. वाजला काय, न वाजला काय, शोभेची वस्तू ती. आत तडा असला तरी कोण बघायला बसलंय?”

नुईने बापाकडे पाहिले. त्याची मान खाली होती. तो नेहमीसारखा नुसता वाकला, आणि हिबिनो समाधानाने निघून गेला.

“तडा!” नुई उसळली. “तुमच्या तोंडावर तडा म्हणून गेला, आणि तुम्ही वाकलात!”

“वाकलो,” यासोजी म्हणाला. त्याने चिलीम घेतली, पण साफ केली नाही, पेटवलीही नाही. संध्याकाळ होईपर्यंत तो नगाऱ्यासमोर नुसता बसून होता. नुईने रागाने त्याला जेवण वाढले आणि स्वतः जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ओढायला कोगामेची माणसे आली. खाचरे मेल्यापासून तिथले पुरुष इकडे शहरात येऊन हमाली करत होते, आणि आळीतली अवजड ओझी तेच वाहत. गाडीमागे ताकी होती. आज भाताची पुरचुंडी नव्हती.

“आज पाहुणी म्हणून आलेय,” ती म्हणाली. “कोंबड्याकडून.”

नव्या कचेरीचे दालन वार्निशाच्या वासाने कोंदले होते. खुर्च्यांवर व्यापारी, शाळांचे मास्तर, लष्करातले दोघे, वर्तमानपत्राचे लोक. नगारा मधोमध लाकडी घोडीवर ठेवला. वरचे रेशमी कापड काढले तेव्हा पुढच्या रांगेत कुजबूज झाली आणि एका बाईने नकळत तोंडावर हात नेला. गव्हर्नर गोल चेहऱ्याचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. दूरच्या प्रांतातून बदलून आलेले. त्यांनी कोंबड्याचे मनापासून कौतुक केले. मग हिबिनोने भाषण केले. या जिल्ह्यात खाण आणि शेत, श्रीमंत आणि गरीब, सगळे कसे गुण्यागोविंदाने नांदतात. या नगाऱ्याला कधी काठी लागली नाही, पुढेही लागणार नाही. टाळ्या झाल्या.

“कारागीर यासोजी,” कोणीतरी पुकारले.

यासोजी घराण्याचे चिन्ह असलेला जुना अंगरखा घालून आला होता. तो पुढे झाला, वाकला. मागे व्हायच्या ऐवजी तिथेच उभा राहिला.

“हुजूर,” तो म्हणाला, “माल अजून वाजवलेला नाही.”

“यासोजी-सान,” हिबिनो दातांतून बोलला, “आपलं काय ठरलं होतं?”

“तुमचं ठरलं होतं. मी वाकलो होतो.” मग तो गव्हर्नरांकडे वळला. “आमच्या आळीची रीत आहे, हुजूर. एक ठोका. आत तडा आहे की नाही ते कळतं. न वाजवता दिला तर उद्या लोक म्हणतील, गव्हर्नर साहेबांच्या गळ्यात फुटका माल बांधला.”

“असं?” गव्हर्नरांना मजा वाटली. “छान रीत आहे. वाजवा की!”

हिबिनोचा चेहरा पांढराफटक पडला. आता साहेबांना अडवायचे तर का ते सांगावे लागले असते, आणि ते दहा पाहुण्यांत सांगण्यासारखे नव्हते.

यासोजीने अंगरख्यातून मोगरी काढली. त्याचे हात कापत होते आणि सगळ्यांना ते दिसत होते. त्याने ते लपवायचा प्रयत्न केला नाही. तो वळला आणि दाराशी हमालांबरोबर उभ्या असलेल्या नुईकडे बघत म्हणाला, “ज्याने घडवलं त्याने वाजवायचं असतं. हा माझ्या मुलीने घडवला. ये गं.”

दालनातल्या सगळ्या माना दाराकडे वळल्या. मागून ताकीने नुईला ढकलले. “जा! मी टोपावर मारला होता तसा मार.”

नुई पुढे आली, बापाच्या हातून मोगरी घेतली आणि ठोका दिला.

आवाज नगाऱ्यातून निघाला आणि निघतच राहिला. खिडक्यांच्या काचा त्याने थरथरल्या, मग तो जमिनीतून तळपायांना लागला, मग पातळ होत होत छतापाशी बराच वेळ रेंगाळला. कुठे चरा नाही, कुठे तुटणे नाही. यासोजीने डोळे मिटून घेतले होते.

“वा!” गव्हर्नर म्हणाले. “निर्दोष. झाली परीक्षा.”

“भांड्याची झाली,” नुई म्हणाली, आणि दुसरा ठोका दिला.

“बाई, पुरे आता.”

“हा तक्रारीचा नगारा आहे ना, हुजूर? आत्ताच सांगितलं सगळ्यांना. वाजवला तर राजा उठून ऐकतो. मी कोगामेच्या सेइकिचीची बायको. वसंतात आमची माणसं तुमच्या फाटकावर आली, त्यांना दंडुके मिळाले. हिनासेचं पाणी विषारी झालंय. मुरोइवाच्या खाणीतून येतं ते विष. मासे मेले, भात जळाला, आता विहिरींच्या पाण्यालाही तांब्याची चव यायला लागलीय. तुमची कचेरी म्हणते अशी तक्रारच आली नाही. ही आली. आत आली. तुमच्या दालनात आली.” तिने तिसरा ठोका दिला. “माझा नवरा तुमच्या मागच्या कोठडीत आहे, त्याचीही हीच तक्रार आहे. ऐकलंत?”

एक पोलीस पुढे सरसावला. पण समोर खुर्च्यांत बसलेल्या इतक्या बड्या लोकांमधून बाईला फरफटत न्यायचे कसे, हे त्याला कळेना, आणि तो अर्ध्यातच उभा राहिला. वर्तमानपत्राच्या लोकांच्या पेन्सिली भराभर चालू लागल्या होत्या.

“हे बघा,” गव्हर्नर म्हणाले. त्यांचा आवाज अजून मऊ होता. “ती चीनच्या एका राजाची हजारो वर्षांपूर्वीची दंतकथा आहे. शोभेसाठी असतात ही चिन्हं. तुम्ही अडाणी माणसं तिचा भलताच अर्थ लावता.”

“मग राजा व्हायला का बसलात?” नुई म्हणाली. “कोंबडा घेताना दंतकथा खरी, आणि नगारा वाजला की खोटी?”

कोणीतरी मागच्या रांगेत खोकला. तो खोकला नव्हता, हसू होते, आणि ते गव्हर्नरांनाही ऐकू गेले. त्यांचे कान लाल झाले.

“हे इथून उचला,” ते उठून म्हणाले. “मला ही भेट नको. बाहेर न्या! सगळंच!”

“जशी आज्ञा,” यासोजी म्हणाला. तो इतका खाली वाकला की त्याचे कपाळ नव्या फरशीला लागले. “नाकारलेला माल ओताऱ्याचा. चला रे.”

कोगामेच्या गड्यांनी घोडीला खांदे लावले. दाराशी हिबिनोने यासोजीला गाठले. “म्हाताऱ्या, तुझ्या आळीला इथून पुढे आमच्या तांब्याचा तुकडासुद्धा मिळायचा नाही.”

“नदीलाही देऊ नका, एवढं बघा,” यासोजी म्हणाला आणि चालू लागला.

फाटकाबाहेर गाडी उभी होती. पण तिच्यावर नगारा चढलाच नाही. ताकीने रस्त्याच्या कडेची जागा पायाने दाखवली, बरोबर फाटकासमोरची. “इथे ठेवा. राजाने फाटकावरच ठेवला होता ना? आणि रस्ता काही याच्या बापाचा नाही.”

नगारा ठेवला गेला. उन्हात कोंबडा आणखीच जागा दिसत होता. रस्त्यावरचे लोक थांबू लागले. टोफूवाला थांबला, रिक्षा ओढणारे दोघे थांबले, बाजाराला आलेल्या बायका थांबल्या. काय आहे म्हणून कोणी विचारले की ताकी सांगे, आणि ताकीचे सांगणे रस्त्याच्या पार टोकापर्यंत ऐकू जाई. नुईने एक ठोका दिला आणि मोगरी पहिल्या हमालाच्या हातात दिली. त्याच्या तीन खाचरांवर आता गवतही येत नव्हते. त्याने दोन्ही हातांनी मोगरी धरली, ठोका दिला, आपले नाव आणि गाव मोठ्याने सांगितले आणि मोगरी पुढे केली. त्याच्यामागे दुसरा उभा होता. दुसऱ्यामागे आळीतला तो बोके करणारा कधी येऊन उभा राहिला होता, कोणाला कळले नाही. त्याची नदीकाठी शेती नव्हती. “माझी मामी तिकडचीय,” तो कोणी न विचारताच म्हणाला.

मघाचा पोलीस फाटकातून बाहेर आला. मागे आणखी दोघे होते.

“आजीबाई, हे किती वेळ चालणार?”

“आतून कोणीतरी येऊन म्हणेपर्यंत,” ताकी म्हणाली, “की तक्रार आली. एवढंच म्हणायचंय. येतं का म्हणता, विचारून या.”

पोलिसाने रांगेकडे पाहिले. ती वळणापलीकडे गेली होती. तो आत गेला, आणि त्याने फाटक लावून घेतले.

“पोरी, तू का थांबलीस?” ताकीने विचारले.

नुई रांगेबाहेर येऊन कचेरीच्या भिंतीला कान लावून उभी होती. दोन ठोक्यांमधल्या वेळात तिकडून, भिंतीपलीकडून, कोणीतरी लाकडी फळ्यांवर मुठी आपटत होते. नगाऱ्याचा ठोका संपला की लगेच. आधी एकच जण होता. मग दुसरा मिळाला, मग कोठडीतले सगळेच आपटू लागले असावेत, कारण फळ्या आता खिळ्यांतून सुटतील असा आवाज येऊ लागला.

“वाजवा!” नुई रांगेकडे वळून ओरडली. “थांबू नका, वाजवा!”